हनुवटीवर हुक बसला की मेंदूत काय होतं

16 नोव्हेंबर 2024 चा शनिवार. इकडे जळगावात विधानसभेचा प्रचार रंगात आलेला, भरिताच्या वांग्यांचा सीझन लागलेला आणि तरी सकाळी सकाळी जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बॉक्सिंगची फाईट बघत होता, जुना वर्ल्ड चॅम्पियन माईक टायसन विरुद्ध यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल. टायसन 58 वर्षांचा, पॉल 27 चा, राउंड आठच आणि तेही दोन-दोन मिनिटांचे, ग्लोव्हज 14 औंसाचे. आख्ख्या फाईटमध्ये टायसनचे लागलेले पंच किती, तर 18. "मार ना रे भो, मार ना" करून लोकांचे घसे बसले आणि नंतर सगळे म्हणे फुसकी निघाली. मला विचाराल तर 58 वर्षांच्या डोक्याच्या दृष्टीने ती फुसकी निघाली तेच बरं झालं.

खरी फाईट त्याच कार्यक्रमात आधी झाली होती, केटी टेलर आणि अमांडा सेरानो या बायकांची. डोक्याला डोकं आपटून सेरानोची भुवई फाटली, रक्त वाहायला लागलं, तेव्हा आमच्यातलेच टायसनला "मार" म्हणणारे "अरे थांबवा आता" म्हणायला लागले. आता कट म्हणजे काय, कातडी फाटली, टाके घातले की भरते. पण हनुवटीवर हुक, म्हणजे बाजूने घुमवून मारलेला पंच, बसून मान गर्रकन फिरते तेव्हा हेच लोक शिट्ट्या मारतात, आणि मेंदूला खरा धोका त्या फिरण्यात असतो.

कसा ते सांगतो, हा माझा आवडता विषय आहे म्हणून जरा सहन करा. मेंदू साधारण 1.4 किलोचा, कवटीत पाण्यासारख्या द्रवात बसलेला. लोकांना वाटतं पंच लागला की मेंदू कवटीवर आपटतो आणि चेपतो. पण मेंदूत बहुतेक पाणीच, आणि पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे सरळ दाबाने त्याचा आकार फारसा बदलत नाही. हॉलबर्न नावाच्या शास्त्रज्ञाने 1943 मध्ये हे मांडलं, त्याने कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून बघितलं होतं. त्याचं म्हणणं असं की मेंदू दबत नाही पण सरकतो, म्हणजे डोकं झटक्यात फिरलं की कवटी पुढे जाते, मेंदूचा आतला भाग मागे राहतो आणि थर एकमेकांवरून घसरतात. हनुवटी मानेपासून लांब, त्यामुळे तिथे बाजूने मारलेला पंच डोकं सगळ्यात जोरात फिरवतो. नॉकआउट बहुतेक तिथूनच येतात ते उगाच नाही.

घसरताना ताण येतो तो अ‍ॅक्सॉनवर, म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे सिग्नल नेणाऱ्या बारीक तारांवर, जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. आपल्याकडे बायका मांडे करतात ते बघितलंय ना, हातावर फिरवत फिरवत हळू ताणलं तर पीठ कोपरापर्यंत पसरतं आणि एक हिसका दिला की टर्रकन फाटतं. अ‍ॅक्सॉनचं अगदी तसंच आहे, हळू ताणला तर सहन करतो, काही मिलिसेकंदात ताणला तर ठिसूळ होतो. कारण त्याच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्या असतात, त्यांना टाऊ नावाचं प्रोटीन धरून ठेवतं, सावकाश ताणात नळ्या एकमेकांवरून सरकतात, झटक्यात सरकायला वेळच मिळत नाही आणि नळ्या तुटतात. मग त्यावरून चाललेला माल तिथेच तुंबतो, अ‍ॅक्सॉन जागोजागी फुगतो. शिवाय आवरणातली सोडियमची दारं बिघडतात, पाठोपाठ कॅल्शियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर जातं, आणि ते पूर्ववत करायला पेशीला जास्त साखर लागते नेमकी तेव्हाच जेव्हा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. सुटलेल्या टाऊवर फॉस्फेट चिकटतं, त्याच्या गुठळ्या होतात, आणि वर्षानुवर्षे डोक्याला मार खाल्लेल्या खेळाडूंच्या मेंदूत त्या गुठळ्या मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती सापडतात. याला सीटीई म्हणतात आणि पक्कं निदान अजून तरी मेल्यावर मेंदू कापूनच होतं. बॉक्सरच्या या दुखण्याचं वर्णन मात्र मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने 1928 मध्येच करून ठेवलंय.

आपल्याकडे डोक्याला मार लागून पोरगं बेशुद्ध पडलं की कांदा फोडून नाकाला लावतात, आणि महिन्याने ते चिडचिडं, विसरभोळं झालं की उतारा काढतात. त्या लिंबाला कॅल्शियमचं काय कळतं! मेंदू तल्लख करायच्या पावडरी विकणारे ज्यादा शिकलेले, पण एकाच माळेचे मणी.

ग्लोव्हज हाताची हाडं वाचवतात, समोरच्याची कातडीही बरीच वाचवतात, पण डोक्याचं फिरणं थांबवत नाहीत, उलट हात दुखत नाही म्हणून माणूस डोक्यावर जास्त वेळ मारू शकतो. 1985 मध्ये फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश बॉक्सरचा पंच मोजला तर 4096 न्यूटन भरला, म्हणजे चारशे किलोच्या वर वजन क्षणभर अंगावर. हेडगार्डचंही तेच, कट कमी होतात, हिसका फारसा कमी होत नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून तर 2013 मध्ये तो काढूनच टाकला, रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष हेडगार्डशिवायच खेळले.

नियम बदलतात ते कोणी मेल्यावर. 1982 मध्ये अमेरिकेच्या मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडला दक्षिण कोरियाचा किम दुक-कू पडला, मेंदूभोवती रक्तस्राव झाला, काही दिवसांत गेला आणि मग डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने 15 चे 12 राउंड केले. तेव्हाही मजा गेली म्हणून ओरडणारे होतेच. बारा राउंडांतही थरारक फाईटी भरपूर झाल्या.

मी बॉक्सिंग बघणं सोडणार नाही, आपला नीरज गोयत टायसन-पॉलच्याच कार्यक्रमात जिंकला तेव्हा मीही ओरडलो. पण टीव्हीवर दिसते ती फाईट वर्षातून दोन-तीनदा, डोक्याला मार बसतो तो रोजच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या मारामारीत, आणि धुळ्या-भुसावळकडे कोणी पोराला क्लबात घालत असेल तर बॅग, फूटवर्क, दोरीउड्या खुशाल करू द्या, फी किती ते नंतर, आधी कोचला दोन गोष्टी विचारा: डोक्यावर मारायचं स्पारिंग आठवड्यातून किती वेळा, आणि पोराला चक्कर आली तर त्याला किती दिवस रिंगबाहेर ठेवता. "पाणी मारतो तोंडावर, लगेच उभं राहतं" असं उत्तर आलं तर दुसरा क्लब बघा, नाहीतर कुस्तीच्या आखाड्यात घाला.