ठिपक्यांचा हिशेब

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नेरूळच्या खाडीकाठच्या तळ्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो, तर रोहित नव्हतेच. चूक आमचीच. ओहोटीला ते खाडीतल्या उघड्या चिखलावर चरायला जातात आणि भरतीचं पाणी चढलं की तळ्यांत विसाव्याला येतात. भरतीची वेळ न बघता गेलेल्याला मग चांदवे बघत बसावं लागतं. चांदवे म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेले ते काळे पाणपक्षी, ज्यांना काही जण वारकरीही म्हणतात. शंभरेक होते, पाण्यावर विखुरलेले. अचानक सगळे पोहत एकमेकांना खेटले आणि पाण्यावर एकच काळा गोळा झाला.

“घार आली असंल,” बांधावर गळ टाकून बसलेले करावे गावातले काका वर न बघताच म्हणाले.

पण घारीला चांदवे एवढे घाबरत नाहीत. इथल्या आकाशात घारी दिवसभर असतात. प्रत्येक घारीसाठी अशी दिंडी जमवायची तर बिचाऱ्यांना खायला वेळच उरायचा नाही. वर बघितलं. घारीहून भारदस्त, गडद चॉकलेटी पक्षी, रुंद पंख फळीसारखे सपाट धरून टोकाशी किंचित खाली झुकवलेले. शेपटी आखूड आणि गोलसर. घारीची दुभंगलेली असते. तो वळला तेव्हा पंखांच्या वरच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या, काळ्या साडीवर खडी काढावी तशा. मोठा ठिपक्यांचा गरुड. शास्त्रीय नाव क्लँगा क्लँगा. पाणथळीचा गरुड म्हणावा तर हाच.

या पक्ष्याच्या नावात एक गंमत आहे. प्रौढ गरुडाच्या अंगावर ठिपके नसतातच, तो एकरंगी गडद असतो. ठिपके असतात ते पिलांच्या अंगावर, आणि पुढच्या चारपाच वर्षांत पिसं बदलता बदलता ते पुसले जातात. म्हणजे आमच्या डोक्यावरचा पक्षी त्याच वर्षी, जूनच्या सुमाराला, कुठल्या तरी थंड देशातल्या दलदलीत अंड्यातून बाहेर पडलेला होता. जेमतेम सहा महिन्यांचं पोर. एप्रिल-मेमध्ये मादीने अंडी घातली, साधारण बेचाळीस ते चव्वेचाळीस दिवस उबवली, पिलू दोनेक महिन्यांनी उडायला लागलं आणि थंडी पडायच्या आत हजारो किलोमीटर दक्षिणेला निघून सीवूड्सच्या इमारतींसमोर येऊन ठेपलं.

अंडी बहुधा दोन असतात, क्वचित एक किंवा तीन. पण पहिलं अंडं घातल्याबरोबर मादी उबवायला बसते, त्यामुळे थोरलं पिलू धाकट्याच्या दोनतीन दिवस आधी जन्मतं. गरुडांच्या घरात तेवढं अंतर पुरतं. थोरलं धाकट्याला टोचतं, घास मिळू देत नाही, आणि पुष्कळदा धाकटं दगावतं. आई शेजारी बसून बघत असते. याच्या चुलतभावात, म्हणजे छोट्या ठिपक्यांच्या गरुडात, धाकट्याचं मरण जवळपास ठरलेलंच. जर्मन पक्षीशास्त्रज्ञ बेर्न्ड मायबुर्ग यांनी त्यावर एक उपाय काढला: धाकटं पिलू घरट्यातून काढून वेगळं वाढवायचं आणि थोरल्याची मारण्याची खुमखुमी ओसरली की परत नेऊन ठेवायचं. मोठ्या ठिपक्यांच्या गरुडाचं बरं चाललं असेल त्या वर्षी, म्हणजे पाणउंदीर भरपूर असतील तेव्हा, दोन्ही पिलं जगतातही. दोघं पंख पसरून घरट्याच्या काठावर बसलेली दिसली की समजावं, दलदलीत पाणी आहे.

जगात हे गरुड किती? प्रौढ पक्षी ३,९०० ते १०,००० असा अंदाज दिला जातो. कुठे चार हजार आणि कुठे दहा हजार! मला तरी हा आकडा पक्ष्यांपेक्षा मोजणाऱ्यांच्या हालाबद्दलच जास्त सांगतो. घरटी पूर्व युरोपापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत पसरलेली, तीही गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या आल्डर आणि बर्चच्या जंगलांत, जिथे चालता येत नाही आणि होडीही जात नाही. युरोपातल्या जोड्या हजाराच्या आसपास, त्यातल्या बहुतेक रशियात. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत हा पक्षी ‘असुरक्षित’ गटात आहे.

पण मोजणीतला खरा घोळ पुढेच आहे. घरट्यावर बसलेली जोडी सापडली तरी ती दोघं एकाच जातीची असतील, याची खात्री नसते.

मोठ्या ठिपक्यांच्या गरुडाला ओली दलदल लागते. छोट्याला थोडी कोरडी जमीन चालते, किंबहुना तीच आवडते: जंगलाच्या कडेची कुरणं, शेतं, शेतातले उंदीर. बेलारूस आणि युक्रेनच्या सीमेवर पोलेसिया नावाचा प्रचंड दलदलीचा मुलूख आहे. सोव्हिएत काळात तिथे चर खणून दलदलीचे मोठमोठे पट्टे शेतीसाठी कोरडे केले गेले. मोठ्याचं घर कोरडं पडलं आणि त्याच घरात छोटा राहायला आला. आता एप्रिलमध्ये परतलेल्या मोठ्या जातीच्या मादीला पंचक्रोशीत आपल्या जातीचं स्थळ मिळेना. शेजारी छोट्याचा नर मात्र आकाशात गिरक्या घालत हजर. मिश्र जोड्यांत बहुतेक वेळा मादी मोठ्या जातीची आणि नर छोट्या जातीचा असतो, तो असा. पिलं धडधाकट होतात, त्यांना पुढे पिलंही होतात. एस्टोनियात पक्षीशास्त्रज्ञ उलो वाली आणि त्यांचे सहकारी अशा जोड्यांचा आणि त्यांच्या डीएनएचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत. तिथे मोठ्या गरुडाच्या शुद्ध जोड्यांपेक्षा मिश्र जोड्या जास्त झाल्या आहेत.

हे कोणी मारून संपवणं नव्हे. घरटी भरलेली, पिलं उडतायत, वरवर सगळं ठीक. फक्त पिढी दर पिढी मोठ्या गरुडाचा वाटा कमी होत जातो. अशा मिश्र जोडीची नोंद मोजणीच्या वहीत कुठल्या रकान्यात करायची, यावर तज्ज्ञांचंही डोकं फिरत असणार.

भरीला माणसांची भांडणं. २०२२च्या वसंतात पोलेसियातल्या घरट्यांकडे परतणाऱ्या १९ गरुडांच्या पाठीवर जीपीएस यंत्रं होती, आणि वाटेत युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं. पक्ष्यांनी सरासरी ८५ किलोमीटरचा वळसा घेतला. एरवी जिथे उतरून खाऊन-पिऊन घ्यायचं, ते थांबे बहुतेकांनी टाळले. नरांना हा देश ओलांडायला आधी सरासरी १२५ तास लागत, त्या वर्षी १८१ लागले. घरटं बांधायच्या तोंडावर उशिरा आणि उपाशी पोचणं परवडणारं नसतं.

आपल्याकडे येणारे पक्षी त्या युरोपीय वाटेचे नसावेत. ते बहुधा कझाकस्तान-सायबेरियाकडून, मध्य आशियाई मार्गाने उतरतात. हिवाळ्यात त्यांचा शिधा साधा असतो: बेडूक, मासे, जखमी बदक, चांदवा, आणि वेळ पडल्यास मेलेलं काहीही. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण गरुड काही नकाशा बघून उतरत नाही. त्याला खाडीच्या चिखलाइतकीच बांधाआतली तळी आणि मिठागरं लागतात. या तळ्यांचा जीव मोऱ्यांत आणि उघाड्यांत, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या बांधातल्या वाटांत, असतो. एखादी उघाडी गाळाने बुजली की भरतीचं पाणी आत येत नाही, दोन हंगामांत तळाला भेगा पडतात आणि गवत उगवतं. पक्षी तेव्हाही दिसतात: टिटव्या, गायबगळे, साळुंक्या. सकाळी फिरायला येणाऱ्याला वाटतं, पक्षी आहेत की! पोलेसियात छोटा गरुड आला, इथे टिटवी येते. सुटलेली जागा रिकामी राहत नाही, म्हणूनच काय गेलं ते चटकन लक्षात येत नाही.

त्या सकाळी गरुडाने दोन वेळा चांदव्यांवर झेप घेतली आणि दोन्ही वेळा चुकला. दुसऱ्या वेळी चांदव्यांनी असं पाणी उडवलं की तो ओला होऊन पलीकडच्या खारफुटीवर जाऊन बसला. फांदी वाकली, त्याने तोल सावरला.

काकांनी आता मान वर केली. “नवीन दिसतंय पोरगं,” ते म्हणाले आणि गळ पुन्हा पाण्यात टाकला.

घरी येऊन फोटो मोठा करून बघितला. पसरलेल्या पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी बोटांसारखी पिसं मोजली: सात. छोट्याची सहा असतात. संकर झालेल्या पक्ष्यात मात्र खुणांची सरमिसळ असते, त्यामुळे एवढ्यावर शपथ घेता येत नाही. वहीत तारीख, भरतीची वेळ आणि ‘मोठा ठिपक्यांचा गरुड, पहिल्या वर्षाचा, १’ असं लिहिलं. त्या एकच्या पुढे पेन्सिलीने छोटंसं प्रश्नचिन्ह आहे.