पैशाचं मोल मिळतं का, आणि पैसा पुरतो का?

आरोग्य अर्थशास्त्राच्या प्रशिक्षणांमध्ये एक गोंधळ हमखास दिसतो. गटाला एखाद्या औषधाचं खर्च-परिणामकारकता विश्लेषण करायला दिलेलं असतं. गणित नीट सुटतं, उत्तर औषधाच्या बाजूने येतं, आणि शेवटच्या स्लाइडवर लिहिलं जातं, ‘म्हणून हे औषध सरकारी कार्यक्रमाला परवडेल.’ ते गणित इतकं सांगतच नाही. औषध किफायतशीर आहे का, हे त्यातून कळतं. परवडेल का, हे कळण्यासाठी दुसरा हिशोब मांडावा लागतो. त्याला बजेट इम्पॅक्ट म्हणतात, आणि वेळ संपत आला की वगळला जातो तो नेमका हाच.

पहिल्या विश्लेषणात नवा उपचार सध्याच्या उपचारासमोर ठेवतात. जादा खर्च किती आणि जादा आरोग्य किती, हे काढून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. आरोग्य मोजण्याचं रूढ एकक म्हणजे क्वॉली, गुणवत्तेने तोललेलं आयुष्याचं एक वर्ष. पूर्ण निरोगी वर्ष म्हणजे एक क्वॉली, आणि आजारपणात काढलेलं वर्ष त्याहून कमी. भागाकारातून आलेला आकडा हा एक दर असतो. एक क्वॉली मिळवायला किती पैसे पडले, एवढंच तो सांगतो.

बजेट इम्पॅक्टमध्ये भागाकार नसतो, बेरीज असते. रुग्ण किती, त्यातले किती जण पहिल्या वर्षी उपचाराला येतील, किती दुसऱ्या वर्षी, जुन्या औषधाचे किती पैसे वाचतील, आणि येत्या तीन ते पाच वर्षांत दरवर्षी नेमक्या कोणाच्या तिजोरीतून किती रक्कम जाईल? शेतकऱ्याला ठिबक सिंचन फायद्याचं आहे हे पटलेलं असतं, तरी यंदाच्या हंगामात हातात रोकड आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे वेगळा उभा राहतोच.

आकडे घालून बघू. समजा, एका नव्या उपचाराला रुग्णामागे 50,000 रुपये जास्त लागतात आणि त्यातून अर्धा क्वॉली जास्त मिळतो. म्हणजे क्वॉलीमागे 1 लाख रुपये. एका क्वॉलीसाठी किती पैसे मोजणं योग्य, याची एक मर्यादा ठरवलेली असते; भारतातल्या अभ्यासांमध्ये ती बहुधा दरडोई जीडीपीइतकी, म्हणजे 2 लाख रुपयांहून थोडी जास्त धरतात. उपचार त्यात आरामात बसतो. आता राज्यात असे 100 रुग्ण असतील तर जादा खर्च 50 लाख रुपये. तेच रुग्ण 1 लाख असतील तर 500 कोटी. दोन्ही वेळा क्वॉलीमागचा दर 1 लाखच. रुग्णसंख्या त्या भागाकारात येतच नाही, आणि गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

हे कागदावरचं उदाहरण झालं. इंग्लंडमध्ये ते प्रत्यक्षात घडलं. सोफोसबुविर हे हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावरचं औषध डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तिथे 12 आठवड्यांच्या कोर्सची किंमत होती 84,000 डॉलर, म्हणजे एका गोळीला 1,000 डॉलर. इंग्लंडमध्ये त्याच कोर्सची छापील किंमत सुमारे 35,000 पौंड होती. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन् महिने घ्यावी लागत, रुग्ण त्यांनी हैराण होत आणि अनेकांना गुणही येत नसे. या नव्या औषधांनी मात्र बहुसंख्य रुग्णांच्या शरीरातून विषाणू कायमचा जाऊ लागला. उपचारांचं मूल्यमापन करणाऱ्या नाइस या तिथल्या संस्थेची मर्यादा तेव्हा क्वॉलीमागे 20,000 ते 30,000 पौंड होती. त्या कसोटीवर अनेक रुग्णगटांसाठी सोफोसबुविर उतरलं आणि फेब्रुवारी 2015 मध्ये नाइसने त्याची शिफारस केली.

पण रुग्ण होते लाखाच्या वर. नाइसच्या अशा शिफारशीनंतर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला एरवी तीन महिन्यांत निधी द्यावा लागतो; इथे मुदत वाढवून जुलै 2015 अखेरपर्यंत नेली गेली. त्यानंतरही उपचार टप्प्याटप्प्याने झाले. सिरोसिस झालेल्यांना, म्हणजे ज्यांचं यकृत व्रणांनी कायमचं खराब झालं होतं त्यांना, आधी घेतलं, बाकीचे थांबले. 2016-17 या वर्षात सुमारे 10,000 रुग्णांवर उपचार करायचं ठरलं होतं.

थांबलेल्या रुग्णाला काय वाटलं असेल? औषध आहे, ते गुण देतं, पैशाचं मोल देतं हे अधिकृतपणे मान्य झालंय, तरी तुमचा नंबर यंदा नाही. मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की औषध किफायतशीर नाही, असं त्या रुग्णांना निदान कोणी सांगितलं नाही. अडचण पैशाची होती आणि ती पैशाची म्हणूनच चर्चेत राहिली. म्हणून तिच्यावर पैशाचेच उपाय निघाले. एप्रिल 2017 पासून नियम आला की पहिल्या तीनपैकी कुठल्याही वर्षी खर्च 2 कोटी पौंडांच्या वर जाणार असेल तर कंपनीशी किमतीची बोलणी करायची, आणि गरज पडली तर उपचार टप्प्यांनी आणायचा. 2019 मध्ये हिपॅटायटिस सीच्या औषधांसाठी तीन कंपन्यांशी जवळपास एक अब्ज पौंडांचा करार झाला.

दोन हिशोबांची उत्तरं इतकी वेगळी का आली, याचं एक कारण काळात आहे. हिपॅटायटिस सी यकृत पोखरायला वीस-तीस वर्षं घेतो. आज बरा झालेला रुग्ण पुढे सिरोसिस, यकृताचा कर्करोग, प्रत्यारोपण यांतून वाचतो, आणि खर्च-परिणामकारकतेत हा आयुष्यभराचा फायदा धरला जातो (भविष्यातले रुपये आजच्या मोलात आणण्यासाठी दरवर्षी थोडी घट करून). बजेट इम्पॅक्टमध्ये अशी घट साधारणपणे करत नाहीत, कारण वित्त विभागाला त्या-त्या वर्षी खरोखर द्यायचे पैसे हवे असतात. औषधाचं बिल यंदा येतं. बचत 2040 च्या आसपास होणार, आणि कदाचित दुसऱ्याच खात्याची.

उलट दिशेचं उदाहरण थायलंडचं आहे. गोशे या दुर्मीळ आजारावरचं इमिग्लुसरेज हे औषध तिथल्या क्वॉलीच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होतं. तरीही ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं गेलं. रुग्ण मोजके, त्यामुळे एकूण खर्च झेपणारा, आणि सरकारने खर्च उचलला नसता तर त्या कुटुंबांचं दिवाळं निघालं असतं. थायलंडमध्ये हे अभ्यास करणारी हायटॅप ही संस्था 2007 पासून आहे. भारतात आरोग्य संशोधन विभागाने 2017 मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे औषधं-उपचार असे तोलून बघण्याची, व्यवस्था उभारली, तेव्हा हायटॅपच्या लोकांशी देवाणघेवाण झाली. आपल्या प्रशिक्षणांत थायलंडची उदाहरणं जास्त यावीत, असं मला मनापासून वाटतं. मर्यादित पैशात सर्वांना आरोग्यसेवा देण्याची त्यांची कसरत आपल्याला इंग्लंडपेक्षा जवळची आहे.

भारतात सोफोसबुविरची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. सप्टेंबर 2014 मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने दिले. मुंबईची सिप्ला त्यांत होती. स्पर्धेने किंमत कोसळली, आणि जुलै 2018 मध्ये राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात उपचार मोफत सुरू झाले. किंमत दोन्ही हिशोबांत असते, म्हणून ती पडली की दोन्ही उत्तरं एकदम सुधारतात.

दरडोई जीडीपीच्या मर्यादेबद्दल एक इशारा. जीडीपीच्या एक ते तीन पट ही पट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या कामातून आली आणि पुढे ‘देशाला काय परवडतं’ याचं माप म्हणून वापरली गेली. 2016 मध्ये संघटनेच्याच बुलेटिनमध्ये तज्ज्ञांनी लिहिलं की ती अशी यांत्रिकपणे लावू नये. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या औषधखरेदीच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे जीडीपीवरून कळत नाही.

कोणाचा अभ्यास तपासायला आला, तर दोन्ही भागांसाठी वेगवेगळ्या माणसांना गाठा. खर्च-परिणामकारकतेत सर्वांत नाजूक गृहीतक असतं ते फायदा किती वर्षं टिकेल याचं. चाचण्या दोन-तीन वर्षांत संपतात आणि पुढची तीस वर्षं मॉडेल भरून काढतं. ते संख्याशास्त्रज्ञ आणि त्या आजाराच्या डॉक्टरांना दाखवा. बजेट इम्पॅक्टमध्ये नाजूक असतं ते रुग्ण किती येतील याचं. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी, औषधभांडाराचे फार्मासिस्ट आणि आशाताईंना विचारा. तपासणी शिबिराला गावातून किती जण आले, त्यातले पुढच्या फेरीला किती उरले, हे त्यांना माहीत असतं.