दुधामागचं पाणी : पुण्यातली पार्श्वभूमी

दुधाचा दर आणि फॅट यांवर पुणे जिल्ह्यात रोज बोललं जातं. दुधापायी गटारात जाणाऱ्या पाण्याचा विषय क्वचितच निघतो. दूध जसजसं टिकाऊ होत गेलं, तसतसं हे पाणी वाढलं, आणि त्याचा हिशोब दराच्या गणितात कधी धरलाच गेला नाही.

एके काळी गवळ्यांचे गोठे शहरातच होते. पहाटे धार काढायची, किटली घेऊन रतीब घालायचा, दूध लगेच घरोघर तापायचं. साठवणूक नव्हती, म्हणून भांडी धुण्याला पाणीही बेताचं. शेणाच्या गोवऱ्या होत, मूत मात्र नाल्याला मिळे. शहरांत जनावरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६ साली आला.

तोवर दुधाचा ओघ गावाकडून सुरू झाला होता. कात्रज डेअरीचा जिल्हा दूध संघ १९६० चा. गांधीवादी कार्यकर्ते मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ साली बायफ ही पशुधन विकासाची संस्था उभी केली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दावणीला आली. १९७० पासून ऑपरेशन फ्लड, म्हणजे गावचं दूध वाढवून शहरांत पोचवण्याची देशव्यापी योजना. संकरित गाय दूध जास्त देते, पण पाणीही जास्त पिते आणि तिला बारमाही हिरवा चारा हवा. लसूणघास, हत्तीघास पाटाच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावरच येतो.

गावातल्या दूध संस्थेत ४० लिटरचा कॅन रिकामा झाला तरी कडेला साय आणि तळाला थोडं दूध राहतं. पाणी घालून खळबळून ओतलं की पांढरट धुवण गटारात. दिसायला निरुपद्रवी, पण दुधाचा बीओडी, म्हणजे कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू लागतो त्याचं माप, लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम असतो, घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे. म्हणजे एक लिटर दूध ओढ्यात गेलं तर ते कुजताना तीन-चारशे लिटर मैल्यापाण्याइतका प्राणवायू खातं. पनीरची निवळही तशीच जड. दूध प्रक्रिया प्रकल्पात पाइप आणि टाक्या कॉस्टिक सोडा नि नायट्रिक आम्लानं धुतल्या जातात, त्याचंही पाणी वेगळं. केंद्राच्या मानकांनुसार डेअरीला हजार लिटर दुधामागे ३ हजार लिटरपर्यंत सांडपाण्याची मुभा आहे, तेही प्रक्रिया करूनच सोडायचं.

यातले बरेचसे ओढे मुळा-मुठेतून किंवा थेट भीमेला आणि पुढे उजनी धरणाला जातात. उजनीच्या हिरव्या पाण्याचा मोठा दोष शहरी मैल्याचा, हे सांगायलाच हवं. पण गोठ्यांचा वाटाही नाकारता येत नाही.

गोठ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं २०२० साली आली, म्हणजे प्रकल्पांवरच्या नियमांनंतर कितीतरी वर्षांनी. आठ-दहा गाई असलेला शेतकरी प्रक्रिया यंत्रणा कुठून बसवणार? त्याच्या हातात आहे ते एवढंच : आधी शेण खरवडून काढायचं आणि मगच पाणी मारायचं, गोठ्याचं पाणी ओढ्याकडे न काढता चाऱ्याच्या वावरात वळवायचं, आणि कॅनचं पहिलं धुवण जनावरांच्या आंबोणात ओतायचं. संघांनी यासाठी दरात काही पैसे वाढवून दिले, तर ते वाया गेलेले मला तरी वाटणार नाहीत.