झोपेतलं बीपी

दवाखान्यात "एकशेतीस-ऐंशी" ऐकलं की आपण तो आकडा वर्षभर सगळ्यांना सांगत सुटतो. खरं तर तो खुर्चीत बसल्या मिनिटाचा असतो; डॉक्टरांना पाहून छाती धडधडत असेल तर तेवढाही खरा नसतो. रक्तदाब ठोक्याठोक्याला बदलतो आणि दिवसभरात त्याला एक मोठी भरती-ओहोटीही असते.

ती ओहोटी येते झोपेत. मज्जासंस्थेचा ताण सैलावतो, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब साधारण १० ते २० टक्के उतरतो. जागेपणी वरचं बीपी १३० असेल, तर झोपेत १०४ ते ११७. पहाटे, जाग येण्याआधीच, कॉर्टिसोल हे संप्रेरक (हार्मोन) वाढू लागतं. उठून उभं राहिलं की दाब झपाट्याने चढतो. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण सकाळी सहा ते बारा या वेळात जास्त दिसतं, त्यामागे या चढणीचाही हात असावा.

काहींचं बीपी मात्र रात्रीही उतरत नाही. घोरताना श्वास अडकणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, जुना मधुमेह असलेले यांच्यात हे बरंच आढळतं. मिठाचाही यात वाटा आहे: दिवसा मूत्रपिंडांना सगळं मीठ बाहेर टाकता आलं नाही, तर उरलेलं काढायला रात्रीही दाब चढाच ठेवावा लागतो. दवाखान्यातला आकडा चांगला असूनही हे घडू शकतं. आणि पुढच्या धोक्याचा अंदाज रात्रीच्या आकड्यावरूनच जास्त चांगला येतो.

तो मिळवायचा तर चोवीस तास दंडाला पट्टा आणि कमरेला छोटं यंत्र. दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा फुगतो. तेवढा वेळ हातातली पिशवी खाली ठेवून हात सैल सोडायचा. रात्रीही तो अधूनमधून आवळतो, त्यामुळे झोप मोडते, ही तक्रार रास्तच आहे. सरासरी दिवसा १३५/८५ आणि झोपेत १२०/७० च्या आत हवी.

मग गोळी रात्रीच का घेऊ नये? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर हेच तपासलं गेलं. २०२२ मध्ये निकाल आला: गोळी सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे, दोन्ही गटांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ सारखंच.