कोरा ईसीजी आणि बांबोळीची वाट

बाबांची जुनी फाइल मध्यंतरी कपाटातून काढली. १९९६ च्या पावसाळ्यात काढलेला त्यांचा पहिला ईसीजी तिच्यात आहे. म्हणजे गुलाबी चौकटींची पट्टी आहे, कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेले नाव आणि वय आहे. रेघ मात्र उडून गेली आहे. उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावरची ती रेघ गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या दमट हवेत पाच-सात पावसाळ्यांतच फिकी झाली असणार. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरने ती पट्टी उजेडासमोर धरली आणि म्हणाला, "काका, हिची तेव्हाच झेरॉक्स मारून ठेवायची."

त्या फाइलीत तपासण्यांइतकेच प्रवासाचेही कागद आहेत. कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची तिकिटे, टॅक्सीची पावती, एका चिठ्ठीवर मुंबईतल्या परळच्या नातेवाइकांचा पत्ता. गोव्यात हृदयावरचे उपचार कसे आले, हे मला त्या तिकिटांवरून जास्त कळते. रोग ओळखणारा माणूस रोग्यापासून किती लांब बसलाय, हा इथला जुना प्रश्न. त्याचे उत्तर पाचशे वर्षांत बरेच वेळा बदलले.

सुरुवातीला तो माणूस अगदी जवळ होता. जुन्या गोव्यात १५१० मध्ये, म्हणजे शहर पोर्तुगिजांच्या हाती पडले त्याच साली, त्यांनी शाही इस्पितळ काढले. १६०८ साली तिथे उपचार घेतलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल त्याची तोंड भरून स्तुती करतो; चांदीच्या ताटातल्या जेवणाचाही उल्लेख करतो. ते इस्पितळ गोऱ्या शिपायांसाठी होते. बाकीचा गाव नाडी दाखवायला वैद्याकडे जाई. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या डच लिन्सखोटेनने तर लिहून ठेवलेय की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्रीसुद्धा आपल्या माणसांपेक्षा या 'पंडितां'वर जास्त विश्वास टाकतात. या वैद्यांच्या शास्त्रात 'हृद्रोग' हा वेगळा रोग होता, वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज असे त्याचे पाच प्रकार होते, आणि त्यावर अर्जुनसाल सांगितलेली होती. आजच्या ब्लॉकेजचे निदान त्यात शोधायला जाऊ नये. पण छातीतल्या दुखण्याला वेगळे नाव होते आणि मनगटावर बोटे ठेवणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता, एवढे खरे.

याच गावात गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य राहत होता. त्याने भारतीय औषधींवर लिहिलेला संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळांचे एक प्रकरण आहे. त्यातली एक वनस्पती सर्पगंधा असावी, असे पुढच्या अभ्यासकांनी मानले. आता गंमत पाहा. हेच मूळ १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरच्या पन्नास रोग्यांना देऊन पाहिले आणि निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले. ब्लडप्रेशरवर भरवशाचे म्हणावे असे जे पहिले औषध जगभर चालले, त्याचे मूळ आमच्या कोकणपट्टीतल्या रानातही उगवते. पुढे मन खिन्न होते अशा तक्रारी वाढल्या, दुसरी औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. ऑर्ताच्या नशिबी तेवढेही आले नाही. तो लपून ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, 'एस्कोला मेदिका'. पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. तिथे शिकलेले गोंयकार डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींपर्यंत पोचले. पण हृदयाचा स्वतंत्र डॉक्टर ही जातच तेव्हा जन्मली नव्हती. लाएनेकचा स्टेथोस्कोप १८१६ चा. ईसीजीचे यंत्र आइंटहोव्हेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवले आणि त्यासाठी १९२४ चे नोबेल घेतले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो, हे अमेरिकेतल्या हेरिकने १९१२ मध्ये मांडले तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ मराठी वर्तमानपत्रांत 'हृदयक्रिया बंद पडून निधन' एवढेच छापून येई. ते कधी चूक ठरणार? हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते.

आजोबांना झटका आला तेव्हा उपचार म्हणजे खाट. सहा आठवडे कूस बदलायलाही माणूस लागे. त्याच सुमारास बोस्टनमध्ये रोग्यांना खाटेवरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात झाली होती, पण ती बातमी साखळीला पोचायला वेळ लागला. आजोबा उठले ते पायात गोळे घेऊन. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी होते, हे घरात कोणाला ठाऊक असणार?

अंतराचा खरा जाच सुरू झाला तो या काळात, कारण आता लांब काहीतरी होते. पलीकडे मुंबईत हृदयावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. परळच्या केईएम इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयाचे प्रत्यारोपणही करून पाहिले, दक्षिण आफ्रिकेतल्या बर्नार्डने केलेल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. रोगी काही तासच जगला, पण परळ हे नाव कोकणातल्या घराघरांत हृदयाशी जोडले गेले. केईएमच्याच डॉ. दाते यांनी १९६९ मध्ये शवासनाने ब्लडप्रेशर उतरते का, हे मोजून दाखवले. म्हणजे आजीचा सल्लाही आता परळहून येऊ लागला.

जायचे कसे, हा प्रश्न मात्र तसाच. मुक्तीपूर्वी, गोवा पोर्तुगिजांकडे असताना, सरहद्दीची नाकेबंदी होती. १९५५ पासून कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे बंद पडली, परवान्याशिवाय पलीकडे पाऊल टाकता येईना. १९६१ नंतर वाट मोकळी झाली, तरी बोटीची रात्र किंवा घाटातली बस होतीच. राज्यातल्या राज्यातही नद्या आडव्या. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि बार्देश, पेडण्याचे रोगी पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. ऐन पावसात, छाती धरून.

या रांगेत पन्नाशीचे बापये होते तसे पंचविशीचे रोगीही पुष्कळ होते, हे आज विसरायला होते. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, पोर बरे होते आणि आतल्या आत हृदयाची झडप आवळत जाते. बाईला दिवस गेले की दम लागायला लागतो, तेव्हा पहिल्यांदा कळते. घशातल्या जंतूंना रोखायला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, वर्षानुवर्षे. आणि झडप फारच आवळली तर ऑपरेशन. १९८२ मध्ये जपानच्या इनोवेंनी फुग्याने झडप उघडण्याची रीत काढली. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली देशी कृत्रिम झडप पहिल्यांदा रोग्यात बसवली गेली. माझ्या एका मावशीची झडप मुंबईची. झोपताना तिच्या छातीतली टिकटिक आम्ही मुले कान लावून ऐकायचो.

बाबांच्या वेळी गोष्ट निराळी. पोटाच्या वर कळ आली, घाम फुटला. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळी दिली आणि सकाळी यायला सांगितले. सकाळी बांबोळी गाठली. गोवा मेडिकल कॉलेज तोवर पणजीच्या जुन्या इमारतीतून तिथे आले होते. (त्या जुन्या इमारतीच्या आवारात आता इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो.) पुढे अँजिओग्राफीसाठी आम्ही परळ निवडले, नातेवाईक तिथे होते म्हणून. कोकण रेल्वेची गाडी मुंबईपर्यंत सलग धावू लागली ती १९९८ मध्ये, त्यामुळे आम्ही कदंबाने गेलो. बाबा खिडकीशी, डबल बसायच्या बाकावर आडवे, मी आणि आई आलटून पालटून उभे. रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयापर्यंत जाता येते, हे १९२९ मध्ये फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी घालून दाखवले होते. झुरिचमध्ये ग्रुंट्झिगने १९७७ च्या सप्टेंबरात अशाच नळीने फुगा नेऊन अडलेली रक्तवाहिनी उघडली. १९८६ मध्ये स्टेंट आला, ज्याला आपल्याकडे सर्रास 'स्प्रिंग' म्हणतात. बाबांना एक स्प्रिंग बसली. तिचे बिल भरायला आईच्या पाटल्या गेल्या.

स्प्रिंगच्या किमतीला केंद्राने चाप लावला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषध लावलेल्याला २९,६००. त्याआधीच्या वर्षी गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली होती, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे कवच देणारी. पाटल्यांचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच घरांत उरला नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात मात्र तो पुन्हा उभा राहिला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याला बांबोळी हेच हक्काचे इस्पितळ. २०१८ च्या सुरुवातीला परराज्यातल्या रोग्यांना तिथे शुल्क लागू झाले आणि दोडामार्गात माणसे रस्त्यावर उतरली. दोन्ही बाजूंना नातीगोती असलेल्या आमच्यासारख्यांना त्या भांडणात कोणती बाजू घ्यावी, हे समजेना.

त्याच वर्षाच्या शेवटी जे सुरू झाले, ते या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोठे वळण, असे माझे मत. त्याचे नाव 'स्टेमी गोवा'. स्टेमी म्हणजे रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचा झटका. ईसीजीत एक विशिष्ट भाग वर उचललेला दिसतो. अशा झटक्यात हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला वाळपईहून बांबोळीला न्यायचे, तिथे रांगेत ईसीजी काढायचा, मग निदान करायचे, यात सोन्यासारखा वेळ जाई. नव्या रीतीत रोग्याआधी त्याचा ईसीजी बांबोळीला पोचतो.

समजा, आरोग्य केंद्रात कोणी छाती धरून आला. नर्स शर्ट वर करते, छातीवर केस दाट असतील तर रेझर फिरवते, सहा चकत्या छातीवर आणि चार हातापायांवर. दहा मिनिटांत ईसीजी निघावा अशी अपेक्षा असते. तो लगेच तज्ज्ञाच्या स्क्रीनवर जातो. झटका पक्का ठरला की तिकडून प्रश्न येतात: आधी अर्धांगवायू झालाय का, हल्ली ऑपरेशन झालेय का, कुठून रक्त जाते का. आणि मग, वजन किती? कारण गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज वजनावर मोजतात, तीस ते पन्नास मिलिग्रॅम, आणि एकाच दमात शिरेत देतात. पूर्वीचे स्ट्रेप्टोकायनेज सलाइनमधून तासभर थेंबथेंब जाई. इंजेक्शन तिथेच, आणि मग १०८ ची रुग्णवाहिका. अँजिओग्राफी पुढच्या तीन ते चोवीस तासांत, बांबोळीत. हृदयाचा डॉक्टर गावात आला नाही. त्याचे डोळे आले.

आता अंतर उरले ते घरातल्या घरात. छातीत कळ येते आणि माणूस सोडा मागवतो. गॅस झाला असेल, सकाळी बघू, गणपतीची चवथ झाली की जाऊ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. मधुमेह्याला झटका येताना छातीत कळ येईलच असे नाही; नुसता दम, नुसता घाम, नुसती जबड्यातली ओढ. पायाच्या रक्तवाहिन्याही त्याच रोगाने अरुंद होतात. चार पावले चालले की पोटरी धरते, थांबले की सुटते. लोक वात म्हणून तेल चोळतात. घोट्याचे आणि दंडाचे ब्लडप्रेशर मोजून ताडले तर पाच-दहा मिनिटांत कळते. ही तपासणी करून घ्यायला कार्डिओलॉजिस्टकडे आपण होऊन गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळे कोणीतरी ढकलल्यावर जातात. बाबाही.

ते आता ब्याऐंशीचे आहेत, वर्षातून दोनदा बांबोळीला जातात. नवीन पट्टी हातात आली की मी आधी मोबाइलवर फोटो काढतो. १९९६ ची कोरी पट्टी टाकून द्या म्हटले तर देत नाहीत. तिला मागून स्टेपल केलेले परळचे कदंबाचे तिकीट मात्र अजून नीट वाचता येते.