रुग्णसंवाद

रुग्णसंवाद म्हणजे डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाला यांचं पेशंटशी आणि सोबतच्या नातेवाइकांशी होणारं बोलणं, आणि ऐकणंही त्यातच आलं. महाराष्ट्रातल्या ओपीडीत यातली मोठी गोची अशी की डॉक्टर सगळं इंग्रजीत शिकून आलेला असतो आणि पेशंट दुखणं सांगतो मराठीत, आणि मराठीत नुसतं 'दुखतंय' म्हणून कुणी थांबत नाही.

ठणकतं, सलतं, चमक मारते, कळ येते, आग होते, भरून येतं, मुंग्या येतात, हे सगळं वेगवेगळं आहे. कळ राहून राहून येते म्हटलं की आतडं नाहीतर मूतखडा आठवायला हवा, ठणका असेल तर पू धरलाय का बघायचं, मुंग्या आल्या तर नस. केसपेपरवर मात्र सगळ्याचं एकच 'पेन' होतं आणि निम्मी माहिती तिथेच गळते. सगळ्यात धोक्याचा शब्द म्हणजे 'गॅस'. छातीत दडपण आलं, घाम फुटला, म्हणजे हार्ट अटॅक असू शकतो, तरी माणूस गॅस झालाय म्हणून ओवा चावत घरी बसतो, म्हणून गॅस हा शब्द ऐकला की चालल्यावर वाढतं का, हातात किंवा जबड्यात कळ जाते का, हे विचारायलाच लागतं. बायकांचं आणखी वेगळं, 'अंगावरून जातं' म्हणजे पांढरं की लाल ते परत विचारावं लागतं, आणि बऱ्याचदा कंबरदुखी ही नुसती सुरुवात असते, खरी तक्रार दारापाशी जाऊन मागे वळल्यावर येते.

१९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी तपासणीच्या वेळची संभाषणं अभ्यासली तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडतात असं दिसलं होतं. आपल्याकडे बाहेर रांग लागलेली असताना वेगळं काय होणार!

उलट्या बाजूनेही घोळ होतोच. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हटल्यावर चेहरा खुलणारे लोक आहेत, आणि 'नॉर्मल' आला म्हटलं की "मग मी काय नाटक करतोय का" असं विचारणारेही. शुगरची गोळी 'जेवणाआधी' सांगितली आणि पेशंटची एकादशी असली तर काय? कुणी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहतं आणि शुगर उतरते, कुणी गोळीच टाळतं, कुणी साबुदाण्याची खिचडी हाणतं, त्यामुळे उपवास कोणकोणते धरता हा प्रश्न औषध लिहायच्या आधीचा आहे. पथ्याचंही तसंच, डॉक्टर "सगळं खा" म्हणाले की तपासलंच नाही नीट असं वाटतं. यावर सोपा उपाय म्हणजे समजलं का असं न विचारता (त्याला सगळे हो म्हणतात) "आता घरी जाऊन गोळ्या कशा घेणार, मला सांगा बरं" असं विचारणं.

हाक कशी मारायची हा पण विषय आहेच, काका, मावशी, ताई चालतं, पण पन्नाशीच्या बाईला 'आजी' म्हटलंत तर पुढचं काही ती धड सांगेल याची खात्री नाही.

नातेवाईक हा वेगळाच अध्याय. कॅन्सर निघाला की मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन "बाबांना सांगू नका" म्हणतो आणि बाबांना बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. संमतीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००८ च्या निकालात स्पष्ट केलंय की तातडीचा प्रसंग नसेल तर सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने आईने होकार देणं पुरेसं नाही, पेशंटला स्वतःलाच विचारायला हवं.

शिक्षणात हे सगळं उशिरा आलं. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा भाग आला, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही आहे. ऑल इंडिया कोट्यातून आलेली परराज्यातली मुलं मात्र खरं मराठी वॉर्डातल्या मावशी आणि मामांकडूनच, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय यांच्याकडूनच शिकतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने (स्थापना १९८६) तर दवाखाना कसा हवा हेच आदिवासींना विचारलं. तो झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहायची सोय केली, आणि नाव ठेवलं माँ दंतेश्वरी दवाखाना, तिथल्या लोकांच्या देवीचं.