ही वस्तू कशाची? अनोळखी हत्यारे व जुन्या वस्तू ओळखून घेण्यासाठी आणण्यापूर्वी

माळ्यावरच्या पेटीत, बंद पडलेल्या कारखान्यात किंवा जुन्या सामानाच्या ढिगात एखादी वस्तू सापडते आणि ती कशाची हे कुणालाच सांगता येत नाही. अशी वस्तू आमच्याकडे आणण्याआधी एकच कळकळीची विनंती आहे: ती घासूनपुसून आणू नका.

पितळ लखलखीत करण्याचा मोह आवरत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण सांध्यात अडकलेला लाकडाचा भुसा, दात्यांमधले चामड्याचे तंतू, कडेला साचलेले मेण यांवरूनच वस्तूने आयुष्यभर काय काम केले ते कळते. पॉलिशने हे सगळे जाते, शिवाय पुसट झालेली छापाची अक्षरेही आणखी झिजतात. ओली असेल तर कोरडी करा, सुटी धूळ मऊ ब्रशने झटका. त्यापलीकडे काही करू नका. गंजाचा घट्ट बसलेला तपकिरी थर तर मुळीच खरवडू नका.

वस्तू हातात आली की आम्ही लगेच नाव शोधायला जात नाही. ती कशी धरायची आणि जोर कुठून कुठे जातो, हे आधी पाहतो. पटाशीच्या लोखंडी माथ्याच्या कडा छत्रीसारख्या पसरलेल्या असतील तर त्यावर हातोडा पडत होता. मुठीचे लाकूड गुळगुळीत आणि मागचे टोक शाबूत असेल तर ती हाताने रेटली जात होती. कुऱ्हाडीची धार एकाच बाजूने उतरती आणि दुसरी बाजू सपाट असेल, तर ती झाड तोडण्याची नव्हे, ओंडक्याची बाजू तासून सपाट करण्याची. अशा कुऱ्हाडीचा दांडा बरेचदा एका अंगाला झुकवलेला असतो, कारण तासताना बोटांची पेरे लाकडावर आपटू नयेत. दांडा वाकडा आहे म्हणून तो सरळ करून घेतल्याचे ऐकले की फार हळहळ वाटते.

दांड्याला लावलेली, मोकळी फिरणारी लोखंडी चकती हे नेहमी चकवणारे हत्यार आहे. स्वयंपाकघरातली कापायची चक्री समजून ती आणली जाते. पण कडेवरून बोट फिरवून पाहिले की धार नसते, कधी नव्हतीच. नीट पाहिले तर चकतीवर एखादी खाच किंवा खूण आढळते. गाडीची लाकडी चाके बांधणारा कारागीर ही चकती चाकाच्या बाहेरच्या कडेवरून फिरवून तिचे वेढे मोजायचा, मग तीच लोखंडी धावेच्या, म्हणजे चाकावर चढवायच्या पट्ट्याच्या, आतून फिरवायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. माप थोडे जरी चुकले तरी धाव सैल राहते किंवा आऱ्यांवर ताण येतो. म्हणून खूण महत्त्वाची. हातात चकती असेल तर आधी ती खूण शोधा.

दुसरी अशीच वस्तू म्हणजे पितळी किंवा शिंगाच्या आवरणात मिटणारी, दोन-तीन पाती असलेली चाकूसारखी चीज. पाते उघडले की लांबीच्या बाजूला धार सापडत नाही. टोकाजवळ एका अंगाला लहानसे त्रिकोणी चोच काढलेले असते आणि धार फक्त तिथेच. ही घोड्यांचे, गुरांचे रक्त काढण्याची फासणी. चोच शिरेवर टेकवून पात्याच्या पाठीवर आखूड, जड काठीने टोला देत. पाती वेगवेगळ्या आकारांची असली, तरी चोच प्रत्येकाला असते.

वय ठरवायला स्क्रू फार उपयोगी पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे लाकडात बसवायचे स्क्रू टोकाला बोथट असत आणि डोक्यावरची खाच हाताने कापलेली, पुष्कळदा मध्यापासून सरकलेली असे. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू त्यानंतर रूढ झाले. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीचा नसतो. मात्र तो दुरुस्तीत नंतर बसवलेला असू शकतो, म्हणून आम्ही आधी सगळे स्क्रू एकाच जातीचे आहेत का ते पाहतो. साहित्याचेही तसेच. स्टेनलेस स्टीलच्या पात्यांची सुरुवात शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये केलेल्या मिश्रधातूपासून झाली. ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ते काढण्याची रीत सापडल्यानंतर. बेकलाइट हे कडक, जुने प्लास्टिक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. अंगठ्याने जोरात घासून गरम केले की त्याला कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. गरम सुई टोचून किंवा काडी लावून परीक्षा मात्र कधीही करू नका, कारण ती वस्तू सेल्युलॉइड या दुसऱ्या जुन्या प्लास्टिकची निघाली तर भडकन पेट घेते.

अंकांच्या बाबतीत घाई नको. कोरलेला अंक पेटंटचा असेल तर नशीबच म्हणायचे, कारण पेटंटसोबत बहुधा आकृती असते आणि वस्तूचा उपयोग शोधकाच्याच शब्दांत वाचायला मिळतो. पण तोच अंक ओतकामाच्या साच्याचा किंवा नुसत्या मापाचाही असतो. ब्रिटिश वस्तूवर कोपऱ्यांत अक्षरे असलेला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छाप दिसला तर ती १८४२ ते १८८३ या काळातली नक्षी-नोंदणीची खूण. ती नोंदणीची तारीख सांगते. वस्तू त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने १८९० च्या कायद्याने केली आणि १८९१ पासून ती लागू झाली, त्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव दिसू लागले. ते नाव नाही म्हणून वस्तू त्याआधीचीच, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

फोटो पाठवणार असाल तर बाजूला मोजपट्टी ठेवा. वस्तू समोरून, मागून, खालून आणि सांध्यांजवळून घ्या. छाप वाचता येत नसेल तर खडू भरू नका. खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत अगदी तिरका, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाका, अक्षरे सावलीत उठून दिसतात. मापे मिलिमीटरमध्ये कळवा. १२.७ किंवा २५.४ अशी मापे पुन्हा पुन्हा आली की वस्तू इंचांत आखली होती हे आम्हाला लगेच दिसते. वजन आणि लोहचुंबक चिकटतो की नाही तेही लिहा. पितळेसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ वस्तू आतून लोखंडी असतात.

काही गोष्टी आमच्याकडे आणूच नका. तोफगोळा, काडतूस, हातबॉम्ब किंवा तसे काही वाटले तर हात न लावता दूर व्हा आणि पोलिसांना कळवा. अंधारात चमकण्यासाठी रंगवलेल्या जुन्या घड्याळांच्या आणि मापकांच्या तबकड्यांत रेडियम असू शकते, अगदी चमक गेलेली असली तरी. काच उघडू नका, रंग खरवडू नका. पारा असलेले वायुभारमापक आडवे करून नेऊ नका; आधी आम्हाला विचारा.

आमच्या उत्तरात तीनपैकी एक शेरा असेल: निश्चित, संभाव्य किंवा अनिर्णीत. प्रत्येकाखाली कारणे दिलेली असतील, म्हणजे ती पटतात का हे तुम्हालाच तपासता येईल. अनिर्णीत हा शेरा वाचून निराश होऊ नका. युरोपात रोमन काळातले कांस्याचे पोकळ, बारा बाजूंचे गोळे शंभरहून अधिक सापडले आहेत. प्रत्येक बाजूला वेगळ्या आकाराचे भोक, प्रत्येक कोपऱ्यावर एक गुंडी. तरीही ते कशासाठी होते यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. अंदाज ठोकून खात्रीचे नाव देण्यापेक्षा वस्तूचे काटेकोर वर्णन हाती ठेवणे आम्हाला योग्य वाटते.

ओळखलेल्या वस्तू आम्ही स्वतः विकत घेत नाही. किंमत ठरवणे हे वेगळे काम आहे आणि ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावे, असाच आमचा सल्ला असतो.

वस्तू ज्या पेटीत सापडली त्या पेटीतले बाकीचे सामान वेगळे करू नका, मोडके तुकडेसुद्धा सोबत आणा. ती कुठे, कुणाच्या सामानात मिळाली हे चार ओळींत लिहून द्या. आमच्या उत्तराचा कागद मिळाल्यावर तो चिकटपट्टीने वस्तूला चिकटवू नका. सुती दोऱ्याने लहान चिठ्ठी बांधा, तिच्यावर आमचा नोंद क्रमांक पेन्सिलीने लिहा आणि मूळ कागद वेगळा जपून ठेवा.